न्हाणीघराचे संस्थान

मनुष्य वृद्ध होऊ लागला म्हणजे त्याच्या अधिकारांची वजाबाकी सुरू होते, आणि ती अशा बेताने होत जाते की बाकी किती उरली याचा पत्ता त्याचा त्यालाही पुष्कळ दिवस लागत नाही. प्रथम शेताचा व्यवहार थोरल्या मुलाकडे जातो. मग कपाटाची किल्ली सुनेच्या कमरेला लागते. पुढे बँकेचे पासबुक नातवाच्या मोबाइलमध्ये अंतर्धान पावते. आणि चहात साखर किती घालावी हा प्रश्नसुद्धा, जो त्याने जन्मभर स्वतःच्या मर्जीने सोडविलेला असतो, अखेर डॉक्टरांच्या इजलासात निकालात निघतो. या सर्व पडझडीत एकच मुलूख असा उरतो, की जेथे आतून कडी घातली म्हणजे अद्याप त्याचाच अंमल चालतो. तो मुलूख म्हणजे न्हाणीघर. देशातील राजेरजवाड्यांची संस्थाने विलीन झाली, त्यांचे तनखेही १९७१ साली बंद झाले. पण चार हात लांब आणि तीन हात रुंद अशा या संस्थानाला हात लावण्याची छाती कोणत्याही सरकारास झालेली नाही, आणि मुलासुनांचे सरकार तर सर्व सरकारांत दुबळे.

आमच्या थोरल्या काकांना, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, संस्थान ही वस्तू पुस्तकातून शिकावी लागली नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले, तेव्हा अण्णा अंबाजोगाईच्या शाळेत उर्दूतून भूगोल शिकत होते, आणि पाच दिवसांत भूगोलच बदलल्यामुळे आता परीक्षेत काय लिहावे, एवढीच त्यांना चिंता पडली होती, असे ते सांगतात. पुढे तहसील कचेरीत अव्वल कारकुनी करण्यात त्यांची हयात गेली. त्यामुळे दरखास्त, तजवीज, हरकत आणि पंचनामा हे शब्द त्यांच्या तोंडी इतरांच्या तोंडी हरिनाम असावे तसे असतात. नव्वदीच्या उंबरठ्यावर आलेले हे गृहस्थ पहाटे डाव्या खांद्यावर पंचा टाकून न्हाणीघराकडे निघतात, तेव्हा त्यांच्या चालीत निजामाच्या स्वारीची ऐट असते. फरक इतकाच, की निजामाच्या मागून कोणी ‘अण्णा, हळू’ म्हणून ओरडत नसे.

हे न्हाणीघर वाड्याच्या परसाकडील अंगाला आहे. भिंती पांढऱ्या मातीच्या, वर माळवद, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात मोरी आणि मोरीच्या कडेला तांब्याचा बंब. परंतु नव्या माणसाच्या नजरेत प्रथम भरतात ती टिपाडे. ज्या बीड जिल्ह्यात कंकालेश्वराने आपले देऊळ भर तळ्यात बांधून घेतले, आणि ज्या जिल्ह्यात अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानीत सलाबतखानाने खजाना विहीर बांधून तिचे पाणी मोटेवाचून भुयारी वाटेने शेतांवर नेले, त्याच जिल्ह्यात आज नळाला पाणी येण्याचा दिवस हा पंचांगात छापावा इतक्या योग्यतेचा झाला आहे. मांजरा धरण केज तालुक्यात धनेगावापाशी, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात आहे. ते २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले तेव्हा मिरजेहून पाण्याची आगगाडी सुटली ती लातूरला गेली, आणि आम्हांला तिची बातमी मिळाली. अशा मुलखात पाणी साठवणे हा स्वभाव बनतो. आणि बीडकराचे न्हाणीघर हे वस्तुतः पाण्याचे गोदाम असून, दोन टिपाडे, एक रांजण, तीन हंडे, कळशी आणि झाकणे हरवलेल्या बादल्या यांच्या मधून जी जागा शिल्लक राहील तीत माणसाने आपले स्नान उरकून घ्यावयाचे असते. वृद्धांच्या स्नानाविषयी परदेशी तज्ज्ञांनी जी शास्त्रशुद्ध माहिती लिहून ठेवली आहे, तिची पहिली आज्ञा अशी, की न्हाणीघरातील सर्व अडगळ प्रथम बाहेर काढावी. आमच्याकडे अडगळ म्हणजेच पाणी; ते बाहेर काढले तर न्हाणार कशाने?

शहाबादी फरशीची बदनामी फार झाली आहे, पण ती कोरडी आणि घासलेली असली तर पायाला धरून ठेवते. तिला निसरडी करतात ते साबणाचे थर आणि मोरीजवळचे शेवाळ. खरा घात झाला तो नव्या चकचकीत टाइल्सनी. शेजारच्या बापूंच्या मुलाने मोठ्या प्रेमाने वडिलांसाठी काचेसारख्या गुळगुळीत टाइल्स बसविल्या, आणि त्या दिवसापासून ते बिचारे स्नानाला जाताना घरच्यांचा निरोप घेऊन जाऊ लागले. अण्णांच्या बाबतीत निमित्त झाले ते तेलाचे. थंडीच्या दिवसांत तळपायांना तिळाचे तेल चोळून मग न्हाण्यास जावे, ही त्यांची लहानपणापासूनची रीत. तेल त्वचेला हितकर खरे, पण ते स्नानानंतर, अंग टिपून झाल्यावर लावण्यात शहाणपण आहे. एका सकाळी पाटावरून उठताना त्यांचा पाय सरकला. त्यांनी भिंतीतली खुंटी धरली. खुंटी त्यांच्या आजोबांच्या वेळची होती, आणि ती अण्णांना सोडून न जाता मूठभर पांढऱ्या मातीसह त्यांच्या हाती आली. अण्णा टिपाडावर टेकले म्हणून निभावले, मात्र आवाज एवढा झाला, की अण्णांच्या सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, पोळपाटासकट धावत आल्या आणि आतून उत्तर आले, “काही नाही. खुंटी पडली. मी पडायलो नाही.”

त्या दिवशी दुपारी घरात सभा भरली. अण्णांचे चिरंजीव, आमचे दादा, म्हणाले, दार उघडे ठेवा. वहिनी म्हणाल्या, गडी ठेवा. पुण्यातल्या नातवाने दूरध्वनीवरून टबात उतरण्याच्या बाकाची तीन चित्रे पाठविली. अण्णांनी चष्मा लावून ती चित्रे पाहिली आणि एवढ्या पाण्यात माणूस नुसता बसून राहतो हे ऐकून, १९७२ चा दुष्काळ ज्याने खडी फोडणाऱ्यांच्या हजेरीपटावर नावे लिहीत काढला त्या मनुष्याला शोभेल अशी, एक दीर्घ स्तब्धता पाळली. मग त्यांनी प्रत्येक सूचनेवर निकाल दिला. दार उघडे ठेवणे: नामंजूर. गडी: अब्रूचा प्रश्न, सबब नामंजूर. टब: पाण्याची नासाडी, शेरा देण्याच्या योग्यतेचा नाही. “मी काय लहान लेकरू आहे का?” असे विचारून त्यांनी सभा बरखास्त केली, आणि त्या प्रश्नातच सगळे मर्म होते, पण ते ध्यानी येण्यास घराला आणखी काही दिवस जावे लागले.

ते ध्यानी आले ते दादांच्या मुलीमुळे. ती अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परिचारिका आहे, आणि रोगी माणसापेक्षा रोग्याचे नातेवाईक सांभाळणे अवघड, हे तिने नोकरीच्या पहिल्याच वर्षी ओळखलेले आहे. तिने अण्णांना काहीच सांगितले नाही. ती त्यांच्याजवळ बसली आणि, “अण्णा, तुम्हाला आत काय काय एकट्याने करायचं आहे आणि काय काय दुसऱ्यानं केलेलं चालेल, ते लिहून द्या,” एवढेच म्हणाली. लिहून द्या, हे शब्द ऐकताच अव्वल कारकून जागा झाला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी निजाम आणि हिंदुस्थान सरकार यांच्यामध्ये एका वर्षाच्या मुदतीचा जैसे थे करार झाला होता. तो पुरा वर्षभरही टिकला नाही हा इतिहास अण्णांना ठाऊक होता, म्हणूनच की काय त्यांनी आपल्या कराराला मुदत फक्त दिवाळीपर्यंतची घातली.

या करारान्वये न्हाणीघराचे दार लोटलेले राहील, पण कडी घालण्यात येणार नाही. कारण आत मनुष्य पडला आणि दार आतल्या बाजूला उघडणारे असले, म्हणजे पडलेला देहच दाराला अडसर होऊन बसतो. सबब सुताराकडून दार बाहेरच्या बाजूने उघडणारे करून घेण्यात यावे. पाट रद्द. जमिनीलगत बसलेल्या म्हाताऱ्या गुडघ्यांना तेथून उठणे हेच खरे संकट असल्यामुळे, रबरी टोप्यांच्या पायांची आणि दोन्हीकडे हात असलेली प्लास्टिकची खुर्ची, जिची बैठक गुडघ्याच्या उंचीची, म्हणजे सुमारे १७-१८ इंच आहे, ती आणावी. दादांनी मध्यंतरी पाटाखाली चार विटा लावून पाहिल्या होत्या; पण पंढरीचा राणा युगानुयुगे विटेवर स्थिर उभा आहे तो त्याच्या सामर्थ्याने, अण्णांच्या पाटाला ती सिद्धी नव्हती. खुर्ची आली आणि तिच्याबरोबर एक नवीन भानगडही आली. मनुष्य उंच बसला, बादली मात्र खालीच राहिली. प्रत्येक तांब्यासाठी अण्णा एवढे वाकू लागले, की डोके पुढे, खुर्ची मागे. या विषयावर लिहिणाऱ्या पंडितांना आपल्या तांब्या-बादलीची कल्पना नसल्यामुळे त्यांनी यावर काही सांगितलेले नाही. नातीने बादलीच स्टुलावर ठेवली. तांब्या कोपराच्या उंचीला आला आणि प्रश्न मिटला. फवाऱ्याच्या नळीला लागणारा पाण्याचा जोर ज्या गावात टाकीलाही ठाऊक नाही, तेथे बसून घेतलेले हे बादलीचे स्नानच सर्वांत निर्धास्त.

उठण्याची क्रियाही कलमबद्ध झाली. स्नान झाले की लगेच उभे राहावयाचे नाही. कढत पाण्याने कातडीच्या शिरा रुंदावतात, रक्त तिकडे पसरते, त्यात रक्तदाबाची गोळी पोटात असते. अशा वेळी माणूस झटकन उभा राहिला की पहिल्या दोन-तीन मिनिटांत दाब वीस अंकांनी, कधी अधिकही, खाली येऊ शकतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून अंग बसूनच पुसावे, पायांच्या बोटांमधली ओल टिपावी, मग पाय मागे घेऊन, अंग पुढे झुकवून, खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठावे. मदत करणाऱ्याने काखेत हात घालून ओढू नये, त्याने म्हाताऱ्याचा खांदा आणि ओढणाऱ्याची कंबर दोन्ही निकामी होतात. कमरेशी आधार द्यावा. हे सर्व अण्णांनी मान्य केले. फक्त ‘मदत करणारा’ या शब्दांवर काट मारून त्यांनी ‘हजर इसम’ असे घातले.

यानंतर पारोशाचे प्रकरण उद्भवले. स्नान आणि पूजा झाल्याखेरीज अण्णा अन्नाला शिवत नाहीत; मधुमेहाची गोळी मात्र, ती औषध असल्यामुळे, पहाटे उठल्याबरोबर घेतात. आता गोळीला पूजा कळत नाही. ती आपले काम सुरू करते, आणि इकडे पाणी तापेपर्यंत, स्नान होईपर्यंत, देव पुसून होईपर्यंत पोटात काही नाही. मग हात कापतात, घाम सुटतो, आणि हे सारे नेमके ओल्या फरशीवर घडते. नातीने पुष्कळ समजाविले. अखेर घरच्या गुरुजींना बोलावणे गेले, आणि त्यांनी जे सांगितले त्याने आमचे सर्वांचे डोळे उघडले: ऊस, पाणी, दूध, कंदमूळ, फळ, विडा आणि औषध एवढ्या वस्तू स्नानापूर्वी सेवन केल्या तरी कर्माला बाध येत नाही, असे वचन फार जुने आहे. यादीत ऊस पहिला, हे ऐकून दादांचा जिल्ह्याविषयीचा अभिमान उगीच जागृत झाला. तेव्हापासून अण्णा पहाटे एक केळे आणि कपभर दूध घेतात, आणि गोळी केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरते. त्याच बैठकीत गुरुजींनी आणखी एक सवलत उघड केली. स्नानाचे सात प्रकार शास्त्राने सांगितले असून त्यांत पाण्यात बुडी मारण्याचा एकच आहे. बाकीच्यांत माती, भस्म, गाईंच्या पायांची धूळ, इतकेच काय, नुसते भगवंताचे चिंतनदेखील आहे. शिवाय अशक्ताने ओल्या वस्त्राने अंग पुसून घेतले तर त्यालाही स्नानाची मान्यता आहे. रोज अंगावर पाणी घेतलेच पाहिजे असा वैद्यकाचाही आग्रह नाही. ज्या ऋषींनी धुळीनेही स्नान होते असे लिहून ठेवले, त्यांनी आष्टी-पाटोद्याकडचे चैत्र-वैशाख खचित पाहिले असले पाहिजेत.

पाण्याच्या उष्णतेविषयी अण्णांचा आणि जगाचा मतभेद जुनाच आहे. तुराट्या आणि पऱ्हाटी जाळून बंबात जे पाणी तापते, ते हाताला सोसवले तर ते पाणी नव्हे, अशी त्यांची श्रद्धा. परंतु म्हाताऱ्या त्वचेला चटका उशिरा कळतो आणि भाजते मात्र लवकर. साठ अंशांचे पाणी धडधाकट माणसालाही पाचेक सेकंदांत पोळते. म्हणून बादलीत आधी गार पाणी, त्यावर कढत, हा क्रम ठरला, आणि ते बोटांनी न पाहता हजर इसमाने कोपर बुडवून पाहावे असेही ठरले. बंब न्हाणीघरातून परसात गेला. या स्थलांतराला अण्णांनी हरकत घेतली. तथापि बंद खोलीत जळण जळले, मग ते पऱ्हाटी असो की नव्या तऱ्हेचा गॅसचा गीझर, त्यातून जो विषारी वायू निघतो त्याला ना रंग ना वास, आणि माणूस झोपी गेल्यासारखा जातो, हे नातीने सांगितल्यावर त्यांनी ‘कळविले, पाहिले’ असा शेरा मारला.

राहिला प्रश्न एवढाच, की दार लोटलेले असताना आत सर्व कुशल आहे हे बाहेरच्या इसमास कसे समजावे. सारखे ‘अण्णा, बरं आहे ना?’ विचारणे करारात बसत नव्हते. तेव्हा अण्णांनी स्वतःच तोड काढली: ते आत मोठ्याने पाढे म्हणतील. पाढे चालू आहेत तोवर मनुष्य शाबूत. साधे पाढे त्यांना अपमानास्पद वाटत असल्यामुळे पावकी, निमकी, पाऊणकी अशी सुरुवात होऊन साबणापर्यंत दिडकी येते आणि पाठीवर पाणी पडते तेव्हा साडेतीनपटीची औटकी लागते. बाहेर पायरीवर बसलेल्या पणतूला यातले एक अक्षर कळत नाही; पण आवाज थांबला की घरात वर्दी द्यायची, एवढे त्याला पढवून ठेवलेले आहे. एका रविवारी औटकी सोळापर्यंत आली आणि थांबली. पणतू ओरडला. दादा अर्ध्या दाढीने धावले, वहिनी आल्या, दूधवाला चरवी घेऊन आत शिरला, आणि दार उघडण्यासाठी चार हात एकदम पुढे झाले, इतक्यात आतून विजयी स्वर उमटला: “साडेएकोणसाठ! आणि दार लोटा, वारं यायलंय!”

वाड्यातल्या म्हाताऱ्याचे हे लाड होऊ शकतात. सर्वांचेच होतात असे नाही, आणि येथे थट्टा जरा बाजूला ठेवली पाहिजे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर या भागांतील गावेच्या गावे कोयते घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे. तिथे म्हातारीचे न्हाणे म्हणजे अंगणातला एक दगड, तीन बाजूंनी तट्ट्या, आणि अंधार फिटण्याच्या आत उरकायची घाई, कारण चौथी बाजू रस्त्याची. तो दगड खडबडीत असतो म्हणून पाय सहसा सरकत नाही, हा त्यातला एक गुण. पण अंगावरचे ओले लुगडे पायांत येते, पाण्याची घागर तिलाच उचलून आणावी लागते, आणि हजर इसम म्हणजे सात वर्षांची नात असते. तिथे करार कोणी कोणाशी करावयाचा? शेजारणीने ‘माय, आज पाणी मी टाकते’ असे म्हटले, तर तेवढाच बंदोबस्त.

सरकारने मात्र २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना काढून पासष्टी ओलांडलेल्या गरजूंना उपयोगाच्या वस्तूंसाठी ३,००० रुपये खात्यात देण्याची तजवीज केली. त्या वस्तूंच्या यादीत काठी, चष्मा, वॉकर यांच्याबरोबर कमोड खुर्चीही आहे, आणि ही खुर्ची, खालचे भांडे काढून ठेवले की, न्हाण्यासाठी उत्तम चालते. अण्णांचे निवृत्तिवेतन योजनेच्या उत्पन्नमर्यादेत बसत नव्हते, याचे त्यांना दुःख झाले नाही. अर्जाचा नमुना भरावयास मिळाला नाही, याचे झाले. ती भूक त्यांनी पकडदांडीवर भागविली. टॉवेलची दांडी म्हाताऱ्याचा भार पेलत नाही आणि पांढऱ्या मातीच्या भिंतीत तर कोणतीच दांडी टिकत नाही; म्हणून गवंड्याने फरशी फोडून खाली काँक्रीट भरले आणि लोखंडी नळ उभा करून वरचे टोक माळवदाच्या तुळईला आवळले. काम झाल्यावर अण्णांनी त्याला त्या नळाला लोंबकळून दाखविण्यास फर्माविले. तो म्हणाला, “अण्णा, हत्ती बांधा याला.” अण्णा म्हणाले, “हत्ती न्हायला येणार नाही. तू लोंबकळ.” तो लोंबकळला, मग पैसे मिळाले.

ही कीर्ती शेजारी पोचली, आणि टाइल्सवाल्या बापूंच्या मुलाने अण्णांना न्हाणीघर पाहून जाण्याची विनंती केली. अण्णा टोपी घालून गेले. काठीने फरशी ठोकली, नळ हलवून पाहिला, बादलीची उंची वितीने मोजली, खरखरीत रबरी चटई ताबडतोब अंथरण्याचा हुकूम दिला, आणि घरी येऊन फुलस्केप कागदावर रीतसर पंचनामा लिहिला, ज्याचा समारोप असा होता, की सदर इसमाचे वय व तब्येत पाहता त्यास एकट्याने स्नान करू देणे धोक्याचे असून, मुलाने आत हजर राहून पाठ चोळून द्यावी व त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. बापूंच्या मुलाने कागद वाचला आणि तो आमच्या दादांच्या हाती दिला. दादांनी तो अण्णांपुढे धरला. अण्णांनी चष्मा पुसला, खिशातले पेन काढले आणि सहीखाली एक ओळ वाढविली: ‘प्रस्तुत निर्णय अन्य कोणत्याही न्हाणीघराच्या बाबतीत दाखला म्हणून दाखविता येणार नाही.’